‘अजून किती लागतील?’ : प्रकल्पाच्या एकूण खर्चाचा अंदाज आणि हिशेब

प्रकल्प अर्ध्यावर आला की हमखास विचारणा होते, "पैसे किती उरलेत?" आपण मंजूर रकमेतून झालेला खर्च वजा करतो आणि उत्तर देऊन मोकळे होतो. वजाबाकी बरोबर असते, तरी उत्तर फसवं असतं, कारण काम किती झालंय याचा त्यात पत्ताच नसतो. निम्मे पैसे गेले आणि काम मात्र पाव भागच झालं, तर ‘निम्मे उरलेत’ हे वाक्य खरं असूनही काही कामाचं नाही. विचारायला हवा तो प्रश्न वेगळा आहे: जेवढं काम राहिलंय ते आज जे कळतंय त्यावरून पुरं करायला अजून किती लागतील?

या प्रश्नाचं उत्तर दर महिन्याला अर्ध्या दिवसात देता यावं, एवढ्यासाठी पुढचा सगळा खटाटोप. त्याची पहिली अट अशी की अंदाज आणि हिशेब एकाच यादीवर उभे हवेत. बऱ्याच ठिकाणी अंदाज एका फाइलमध्ये असतो, बिलं हिशेब विभागाकडे आणि काम कुठवर आलंय ते कुणाच्या तरी डोक्यात. या तिन्हींचा मेळ शेवटी बसतो, तेव्हा हातात करण्यासारखं काही उरलेलं नसतं.

एकच उदाहरण शेवटपर्यंत धरू. एका संस्थेच्या जुन्या दप्तरात १,२०,००० पानं आहेत. ती नीट करायची, स्कॅन करायची, तपासायची, सूची बनवायची आणि शोधता येतील अशा सॉफ्टवेअरमध्ये टाकायची. मुदत सहा महिने, माणसं तीन. आकडे गणित कळावं म्हणून घेतलेत. चलन तुमचं तुम्ही धरा.

आधी हद्द आखा

खर्चाचा पहिला आकडा लिहिण्याआधी दोन याद्या करा: ‘यात काय आहे’ आणि ‘यात काय नाही’. दुसरी यादी जास्त मोलाची. आपल्या उदाहरणात हस्तलिखित पानांचा मजकूर टाइप करणं यात नाही, नकाशे आणि मोठ्या आकाराचे कागद यात नाहीत, स्कॅन झाल्यावर मूळ कागद कुठे ठेवायचे तेही यात नाही. हे लिहिलं नाही, तर चौथ्या महिन्यात कुणीतरी सहज म्हणेल, "नकाशे तर होणारच ना?" आणि तेव्हा ‘नाही’ म्हणायला तुमच्याकडे कागद नसेल.

काम नीट ठरण्याआधी सुरू झालं तर काय होतं, याचं सर्वात ठळक उदाहरण सिडनीच्या ऑपेरा हाउसचं. १९५७ साली अंदाज होता ७० लाख ऑस्ट्रेलियन डॉलरचा आणि इमारत १९६३ मध्ये पुरी व्हायची होती. १९५९ मध्ये बांधकाम सुरू झालं तेव्हा त्या प्रसिद्ध छताची कवचं नेमकी कशी उभी राहणार, याचं उत्तर मिळालेलं नव्हतं. इमारत खुली झाली १९७३ मध्ये आणि खर्च गेला १० कोटी २० लाखांवर. इमारत अप्रतिम आहे, यात वाद नाही. पण पहिल्या अंदाजकर्त्यांनी ज्या गोष्टीची किंमत लावली, ती गोष्ट अजून पुरती ठरलेलीच नव्हती.

कामाचे तुकडे, आणि ‘इतर’ नावाची खोली

आता काम तोडा. किती बारीक? माझा नियम साधा आहे: तुकडा मोजता आला पाहिजे, त्याचा एक माणूस जबाबदार असला पाहिजे आणि तो पुरा झाला की नाही यावर दोघांचं दुमत होऊ नये. ‘डिजिटायझेशन’ हा तुकडा नव्हे. ‘पिना काढून, फाटकी पानं सांधून, क्रम लावून गठ्ठा स्कॅनिंगला देणं’ हा तुकडा.

आपली यादी अशी निघते: कागद तयार करणं, स्कॅनिंग, तपासणी, सूची, उपकरणं, सॉफ्टवेअर, देखरेख, जागा आणि वीज, प्रशिक्षण आणि हस्तांतरण. प्रत्येकाला एक क्रमांक द्या. हाच क्रमांक पुढे ऑर्डरवर, बिलावर आणि हजेरीपत्रकावर यायला हवा. क्रमांक नसलेलं बिल पास करायचं नाही, एवढी एक शिस्त पाळली तरी पुढचा निम्मा त्रास वाचतो.

‘इतर’ अशी ओळ शक्यतो ठेवू नका. माझ्या एका जुन्या तक्त्यात ती होती आणि शेवटी पाहिलं तर तीच सर्वात जाड झालेली. घरातल्या अडगळीच्या खोलीसारखं असतं ते: दार उघडं दिसलं की जो तो काहीतरी आत सारून जातो.

यादी झाली की सुटलेल्या गोष्टींसाठी एक फेरी मारा. वारंवार सुटतात त्या अशा: ने-आण, कर, विमा, सॉफ्टवेअरचे परवाने, जुन्या माहितीची साफसफाई, चाचणी, चुकलेलं काम पुन्हा करणं, मंजुरीची वाट पाहण्यात गेलेला वेळ, नवीन माणसाला शिकवणं आणि काम संपल्यावरची आवराआवर. आपल्याच संस्थेच्या माणसांचा वेळ तर कुणी धरतच नाही. पगार कसाही द्यायचाच आहे, असं म्हणतात. पण तोच माणूस इथे गुंतला म्हणून दुसरं काम थांबलं असेल, तर ती किंमत या प्रकल्पाचीच.

परिमाण, वेग, दर

प्रत्येक तुकड्यासाठी तीन वेगळे आकडे लिहा: किती, कोणत्या वेगाने, काय दराने. नुसती एकत्रित रक्कम लिहू नका. पुढे अंदाज चुकला की तिघांपैकी कोण चुकलं ते कळलं पाहिजे.

कागद तयार करायचा वेग तासाला १५० पानं धरला तर १,२०,००० पानांना ८०० तास. स्कॅनिंग तासाला ३००, म्हणजे ४०० तास. तपासणी तासाला ६००, म्हणजे २०० तास. सूचीसाठी सरासरी दहा पानांचं एक प्रकरण धरलं तर १२,००० नोंदी; नोंदीला तीन मिनिटं, म्हणजे ६०० तास. एकूण २,००० तास.

हे वेग कुठून आणायचे? अंदाज बांधायला बसलेल्या माणसाच्या मनातून तर नक्कीच नाही. एखादा गठ्ठा घ्या, घड्याळ लावून ५०० पानं करून बघा. तोही वरचा स्वच्छ गठ्ठा नको; तीन-चार ठिकाणचे, एखादा तळातला असे घ्या. एका दिवसाची ही चाचणी पुढच्या सगळ्या सूत्रांपेक्षा जास्त शिकवते. बाहेरून घ्यायच्या वस्तूंसाठी कोटेशन मागवा, आणि त्यात कर, वाहतूक, बसवणी, वॉरंटी धरली आहे का आणि दर कोणत्या तारखेपर्यंत टिकणार, हे लिहून घ्या. काम वर्षभराहून लांबणार असेल तर भाववाढीची वेगळी ओळ लागते. आजच्या दराने पुढच्या वर्षीची खरेदी होत नाही.

दराची गोष्ट जरा सावकाश पाहू, कारण इथे फार लोक फसतात. माणसाचा वर्षाचा पगार ३,६०,००० आहे. वर्षाचे ५२ आठवडे, आठवड्याचे ४० तास, म्हणजे २,०८० तास. भागाकार केला तर तासाचा दर १७३. हा दर खोटा आहे. एक तर पगारावर भविष्य निर्वाह, विमा, बोनस असा बोजा असतो; तो २५ टक्के धरला तर खर्च ४,५०,००० होतो. दुसरं, कामाच्या २६० दिवसांतून सुट्ट्या आणि रजा मिळून ३० दिवस गेले की २३० उरतात. आणि दिवसाच्या आठ तासांत बैठका, ईमेल, मशीन बंद, चहा हे सगळं वगळून प्रत्यक्ष कामाला साडेसहा तास मिळाले तरी नशीब. २३० गुणिले साडेसहा म्हणजे जवळपास १,५०० तास. आता ४,५०,००० भागिले १,५०० करा: ३००. १७३ आणि ३०० मधला हा फरक कुणाच्या आळसाचा नाही, कामचुकारपणाचाही नाही. तो पहिल्या दिवसापासून तिथेच होता. आपण तो लिहिला नव्हता, एवढंच.

एक आकडा नको, तीन घ्या

‘८०० तास’ या आकड्यात एक गर्भित ‘सगळं नीट चाललं तर’ दडलेलं असतं. म्हणून जो ते काम करणार आहे त्यालाच तीन आकडे विचारा: सगळं जुळून आलं तर किती, साधारण किती, आणि वाईट झालं तर किती. १९५८ च्या सुमारास अमेरिकी नौदलाच्या पोलारिस क्षेपणास्त्र प्रकल्पात पर्ट नावाची पद्धत आली, तिच्यातलं सूत्र आजही चालतं: उत्तम अधिक चार वेळा साधारण अधिक वाईट, भागिले सहा.

कागद तयार करण्याचे आकडे आले ६००, ८०० आणि १,६००. सूत्राने उत्तर ९०० तास. याच रीतीने स्कॅनिंग (३५०, ४००, ५७०) ४२० तास, तपासणी (१६०, २००, ३६०) २२० तास आणि सूची (४८०, ६००, १,०८०) ६६० तास. एकूण २,२००. एकेरी अंदाजापेक्षा २०० तास जास्त, कारण वाईट बाजू नेहमी लांब असते. काम फार तर पाव भाग लवकर संपेल. लांबायचं म्हटलं तर दुप्पट लांबू शकतं.

किती हेलकावा धरायचा तेही यातून निघतं. वाईट वजा उत्तम, भागिले सहा: कागद १६७ तास, स्कॅनिंग ३७, तपासणी ३३, सूची १००. पुस्तकी रीत म्हणते, यांचे वर्ग करा, बेरीज करा, वर्गमूळ काढा. उत्तर साधारण २०१ तास. पण ती रीत गृहीत धरते की चारही कामांचं नशीब एकमेकांपासून वेगळं आहे. इथे तसं नाही. कागद जीर्ण निघाले तर तयारी रेंगाळेल, स्कॅन खराब येतील, तपासणी वाढेल आणि सूचीवाल्याला अक्षर लागणार नाही. म्हणून मी अशा वेळी सरळ बेरीज करतो: ३३७ तास, म्हणजे सुमारे १,०१,००० रक्कम. गणिताच्या दृष्टीने जरा ओबडधोबड, पण वास्तवाच्या जवळ.

आता सगळं एकत्र करू. २,२०० तास ३०० दराने ६,६०,०००. उपकरणं १,६०,०००. सॉफ्टवेअर १,४०,०००. देखरेख १,२०,०००. जागा आणि वीज ५०,०००. प्रशिक्षण आणि हस्तांतरण ३०,०००. एकूण ११,६०,०००.

बाहेरून एकदा पाहून घ्या

इथवर आपण आतून हिशेब केला. आता वही मिटून एकच प्रश्न विचारा: अशी कामं इतरांनी केली तेव्हा काय झालं?

मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानमन यांनी आपलाच एक किस्सा सांगून ठेवला आहे. शाळेसाठी एक पाठ्यपुस्तक तयार करणाऱ्या गटात ते होते. किती वेळ लागेल, असं सगळ्यांना चिठ्ठीवर लिहायला सांगितलं. उत्तरं दीड ते अडीच वर्षांची आली. मग त्यांनी गटातल्या अनुभवी तज्ज्ञाला विचारलं, की अशा इतर गटांचं काय झालं? तो विचारात पडला आणि म्हणाला, सुमारे ४० टक्के गटांनी काम पुरं केलंच नाही आणि ज्यांनी केलं त्यांना सात ते दहा वर्षं लागली. याच तज्ज्ञाने काही मिनिटांपूर्वी चिठ्ठीवर इतरांसारखाच आकडा लिहिला होता! पुस्तक पुरं व्हायला आठ वर्षं लागली. माहिती खोलीतच होती, फक्त कुणी तिला हाक मारली नव्हती.

मोठ्या प्रकल्पांचा अभ्यास करणारे डॅनिश संशोधक बेंट फ्लुब्यर्ग आणि सहकाऱ्यांनी २००२ साली २० देशांतल्या २५८ वाहतूक प्रकल्पांचा अभ्यास प्रसिद्ध केला. दहापैकी जवळपास नऊ प्रकल्पांत खर्च अंदाजापेक्षा जास्त निघाला: रेल्वेत सरासरी ४५ टक्के, पूल आणि बोगद्यांत ३४ टक्के, रस्त्यांत २० टक्के. हे टक्के उचलून आपल्या स्कॅनिंगच्या कामाला चिकटवायचे नाहीत. रीत उचलायची: आपल्यासारखी झालेली पाच-सहा कामं शोधा, त्यांचा मूळ अंदाज आणि शेवटचा खर्च विचारा, आणि आपला आकडा त्या रांगेत कुठे बसतो ते बघा. आपणच सर्वांत स्वस्त ठरत असू, तर तशी काही सांगण्याजोगी कारणं आपल्याकडे हवीत.

राखीव रक्कम कशी काढायची आणि कुठे ठेवायची

वर ‘दहा टक्के धरा’ असं सरसकट लावणं सोपं, पण ते टिकत नाही. खर्चाला कात्री लावायला बसलेला माणूस सर्वात आधी तेच दहा टक्के उडवतो आणि तुमच्याकडे उत्तर नसतं. म्हणून धोके नावानिशी लिहा. स्कॅनर बिघडणं: शक्यता २० टक्के, फटका ५०,०००, वजन (म्हणजे शक्यता गुणिले फटका) १०,०००. बुरशी लागलेले गठ्ठे बाहेरच्या तज्ज्ञाकडे पाठवावे लागणं: ३० टक्के, १,००,०००, वजन ३०,०००. जुन्या नोंदी सॉफ्टवेअरमध्ये घेताना पुन्हा काम: ४० टक्के, ५०,०००, वजन २०,०००. बेरीज ६०,०००. त्यात तासांच्या हेलकाव्याचे सुमारे १,००,००० मिळवले की राखीव १,६०,००० आणि मागायची मंजुरी १३,२०,०००.

एक सावधगिरी. ३० टक्के शक्यतेच्या धोक्याला ३०,००० धरले म्हणजे तो धोका ३०,००० त निभतो असं नाही. बुरशी निघालीच तर लाखच लागतील. असे बरेच धोके असतील तर एकाची कमी दुसऱ्याची जादा असं जमून जातं; एक-दोनच मोठे असतील तर हे गणित तोकडं पडतं आणि त्या धोक्यांचा विषय मंजुरी देणाऱ्यांशी सरळ बोलून ठेवावा लागतो.

राखीव रक्कम कामांच्या ओळींमध्ये विरघळवू नका. प्रत्येकाने आपापल्या ओळीत थोडं हातचं राखलं, की ते सगळं निमूट खर्च होतं आणि कुणालाच कळत नाही. ती वेगळ्या ओळीत, एका माणसाच्या ताब्यात ठेवा. तिच्यातून पैसे काढले की तारीख, कारण आणि कोणत्या धोक्यापोटी, एवढं लिहा.

आकडा सांगताना तो किती पक्का आहे तेही सांगा. नुसत्या कल्पनेवर दिलेला आकडा दुप्पटही होऊ शकतो. कोटेशनं आणि चाचणी हातात असताना दिलेला तेवढा हलत नाही. अडचण अशी की ऐकणारा आकडा लक्षात ठेवतो आणि त्यापुढचं ‘अंदाजे’ विसरतो. म्हणून सुरुवातीच्या चर्चेत मी पल्ला सांगतो, ‘९ ते १६ लाख’ असा. ऐकणाऱ्याला तो आवडत नाही, पण आवडावा म्हणून सांगायचाच नसतो.

शिवाय ‘एकूण खर्च’ म्हणजे काम संपेपर्यंतचा की वापर संपेपर्यंतचा, हेही ठरवा. सॉफ्टवेअरचं वर्षाचं शुल्क, साठवणुकीची जागा, बॅकअप, कधीतरी नव्या प्रणालीत स्थलांतर हे सगळं धरलं तर पाच वर्षांचा आकडा बराच वेगळा दिसतो. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला होतो तो इथेच.

वही उघडली: कोणते रकाने

मंजुरी मिळाली की ११,६०,००० ची विभागणी महिन्यानुसार करा आणि तो तक्ता गोठवा. नंतर काहीही बदललं तरी ही मूळ प्रत तशीच ठेवायची.

रोजच्या वापरासाठी एक्सेलसारखा साधा तक्ता पुरतो. प्रत्येक ओळीला हे रकाने: मूळ अंदाज, मंजूर बदल, दिलेल्या ऑर्डरी, झालेलं पण बिल न आलेलं काम, भरलेली बिलं, आणि उरलेल्या कामासाठी आजचा अंदाज. शेवटचा रकाना कधीही सूत्राने भरायचा नाही. तिथे ‘मूळ वजा खर्च’ असं सूत्र टाकलं, की वही कायम सांगत राहते, सगळं आलबेल आहे. तो आकडा माणसाला विचारून, हाताने भरायचा.

दिलेल्या ऑर्डरींचा रकाना हिशेब विभागाच्या पुस्तकात बहुधा नसतो. ते पैसे गेल्यावर नोंद करतात. तुमच्या दृष्टीने मात्र ऑर्डरवर सही झाली तेव्हाच पैसे बांधले गेले. त्यामुळे तुमची वही आणि त्यांचं पुस्तक यांत फरक असणारच. महिन्यातून एकदा तो फरक ओळीवार जुळवून बघा. ॲडव्हान्स दिला असेल तर तो खर्च समजू नका, माल किंवा काम येईपर्यंत ते उसने पैसे आहेत.

दोन महिन्यांनंतर

आता खरी परीक्षा. दुसरा महिना संपला. योजनेप्रमाणे आतापर्यंत ४,७८,७०० चं काम व्हायला हवं होतं. हिशेब विभाग सांगतो, ३,५५,००० दिले गेले. वरवर पाहणारा म्हणेल, १,२३,७०० वाचले. थांबा. उपकरणांचे ६५,००० आणि सॉफ्टवेअरचे ४२,००० अजून द्यायचेत. म्हणजे खरा खर्च ४,६२,०००.

आणि काम? ते टक्क्यांत विचारू नका. ‘किती झालं?’ म्हटलं की ‘८० टक्के’ असं उत्तर येतं आणि पुढचे तीन महिने ते ८० टक्केच राहतं. पानं मोजा.

| काम | अंदाज (तास) | झालेला भाग | त्याला लागायला हवे होते | लागले |
|---|---|---|---|---|
| कागद तयार करणं | ९०० | ४०,००० पानं, एक तृतीयांश | ३०० | ४३० |
| स्कॅनिंग | ४२० | ३०,००० पानं, पाव | १०५ | ११० |
| तपासणी | २२० | २०,००० पानं, एक षष्ठांश | ३७ | ४० |
| सूची | ६६० | १,२०० नोंदी, एक दशांश | ६६ | ८० |

झालेल्या कामाची मूळ अंदाजानुसार किंमत लावा: मजुरीत १,५२,३००. त्यात बसवून झालेली उपकरणं १,६०,०००, सॉफ्टवेअरचा पहिला टप्पा ४२,०००, देखरेख ४०,००० आणि जागा १६,७०० मिळवले की ४,११,०००. यालाच अर्न्ड व्हॅल्यू म्हणतात. अमेरिकेच्या संरक्षण खात्याने १९६७ मध्ये आपल्या कंत्राटदारांना ही शिस्त लावली तेव्हापासून ती मोठ्या प्रकल्पांत रुळली. ज्या कामात मोजायला पानं नसतात, तिथे टप्पे ठरवा आणि टप्पा पुरा झाल्याशिवाय एक पैसाही मोजू नका.

४,११,००० चं काम करायला ४,६२,००० लागले. भागाकार ०.८९, म्हणजे लावलेल्या प्रत्येक १०० मागे ८९ चं काम मिळालं. योजनेशी तुलना केली तर ४,११,००० भागिले ४,७८,७०० म्हणजे ०.८६, काम मागेही आहे. आणि शेवटचा आकडा? ११,६०,००० भागिले ०.८९ म्हणजे सुमारे १३,०४,०००. मंजुरी १३,२०,००० आहे, तर बसतं की!

इथे बरेच अहवाल थांबतात आणि इथेच गफलत होते. त्या ४,११,००० मध्ये १,६०,००० ची उपकरणं आहेत, जी विकत घेऊन झाली आणि पुन्हा घ्यायची नाहीत. त्यांचा चांगला भागाकार सरासरीला वर उचलतो. फक्त मजुरी पाहा: १,५२,३०० चं काम, खर्च १,९८,०००, भागाकार ०.७७. मजुरीचे ६,६०,००० त्याने भागले तर ८,५८,०००. बाकीच्या ५,००,००० मध्ये उपकरणांवर अंदाजापेक्षा जादा गेलेले ५,००० मिळवले की एकूण १३,६३,०००. आता बसत नाही.

आणखी एक पायरी खाली उतरू. प्रत्येक काम आपापल्या वेगाने पुढे नेलं तर कागदाला १,२९० तास, स्कॅनिंगला ४४०, तपासणीला २४०, सूचीला ८००. एकूण २,७७०, मजुरी ८,३१,००० आणि एकूण १३,३६,०००. पण आतापर्यंत ६६० तास झालेत, २,११० उरलेत आणि तीन माणसं महिन्याला ३७५ तास देतात. म्हणजे अजून साडेपाच महिन्यांहून जास्त. योजनेत उरले होते चार. हे दीड महिन्याहून जास्तीचे दिवस देखरेख आणि जागा फुकट मिळत नाही. महिन्याला २८,००० च्या आसपास धरले तर सुमारे ४५,००० आणखी, आणि आकडा जातो १३,८१,००० वर.

एकाच दिवशी, एकाच माहितीवरून तीन-चार आकडे निघाले. कोणता सांगायचा? त्याआधी गठ्ठ्यांपाशी जाऊन विचारा: पहिली ४०,००० पानं सर्वात जुनी होती का? तसं असेल तर पुढचा वेग सुधारेल. नुसती माणसं नवखी होती का? तर पहिला आणि दुसरा महिना वेगवेगळा काढून बघा. की सगळेच गठ्ठे असेच आहेत? तर १३,८१,००० हाच आकडा, आणि तो आजच कळवायचा. दुसऱ्या महिन्यात कळवलं तर कामाची हद्द कमी करता येते, पिना काढण्याचं सोपं काम कमी दराच्या माणसाकडे देता येतं, किंवा वाढीव मंजुरी मागता येते. पाचव्या महिन्यात यातलं फक्त शेवटचं उरतं.

बदल आले की

बदल येणारच. प्रत्येक बदलाला अर्ध्या पानाची चिठ्ठी: काय, कुणी मागितलं, खर्च किती, वेळ किती, मंजूर कुणी केलं. ‘छोटंसंच आहे’ म्हणून चिठ्ठी न केलेले बदल मोठ्या बदलांपेक्षा जास्त खातात. मंजूर बदलाची रक्कम वेगळ्या रकान्यात जाते, राखीव निधीतून नाही. राखीव निधी आपल्या चुकलेल्या अंदाजासाठी आहे, दुसऱ्याच्या नव्या इच्छेसाठी नाही.

स्कॉटिश संसदेच्या इमारतीचा आकडा १९९७ मध्ये १ ते ४ कोटी पौंड असा सांगितला गेला होता. २००४ मध्ये ती पुरी झाली तेव्हा तो ४१ कोटी ४० लाखांवर गेला होता. दरम्यान जागा ठरली, इमारतीचा आकार वाढला, सुरक्षेच्या गरजा वाढल्या. असे बदल एकेक करून पटण्याजोगे असतात. त्यांची बेरीज मात्र कुणाच्या तरी वहीत रोज चढायला हवी.

आजवर किती ओतले, हा आकडा मात्र पुढचा निर्णय घेताना बाजूला ठेवा. थांबायचं की पुढे जायचं ते ठरवताना फक्त एवढंच बघायचं: अजून किती लागतील आणि त्याच्या बदल्यात हाती काय येईल.

काम संपल्यावर एक तास

शेवटचं बिल गेलं की वही बंद करण्याआधी प्रत्यक्ष वेग लिहून ठेवा, रकमा नव्हे. रकमा जुन्या होतात, वेग टिकतात. आपल्या उदाहरणात वेग शेवटपर्यंत तोच राहिला, तर कागद तयार करण्याच्या ओळीपुढे तुम्ही लिहाल: धरले होते तासाला १५०, निघाले तासाला ९३, कारण गंजलेल्या पिना आणि चिकटलेली पानं. पुढच्या वेळी कुणी अंदाज मागितला, तर पहिलं हेच पान उघडा.